अंतरा ऐकायला कोण थांबतं?

मंडळी, वेचणीचे दिवस आहेत. दिवसभर पऱ्हाटीत वाकून कंबर धरली असेल, तरी तुम्ही सतरंजीवर येऊन बसलात. विषय दिलाय, 'आजच्या गाण्यांत भावना उरली आहे का?' विषय ठरवणारे सगळे माझ्याच वयाचे, तेव्हा माझ्याकडून कोणतं उत्तर हवंय ते मला ठाऊक आहे! पण मागच्या पोट्ट्यांनो, तुम्ही उठू नका.

आधी एक कबुली देतो. आमच्या वेळी मांडवातल्या भोंग्यावर टुकार गाणी ढीगभर वाजायची. ती वाऱ्यावर उडाली, दाणे तेवढे राहिले. आम्ही पन्नास वर्षं उपणलेली रास दाखवतो आणि तुमच्या कालच मळलेल्या खळ्याला नावं ठेवतो. हा हिशेब सरळ नाही.

मग काहीच गेलं नाही का? गेलं. माझी आजी पहाटे जात्यावर बसायची. माहेराहून वर्षभर कोणी फिरकलं नाही, हे ती घरात कोणाला बोलली नाही. खुंट्याला हात लागला की ओवीत भावाचं नाव यायचं. मी गोधडीत जागा असायचो. नाव आलं की जातं जरा हळू फिरायचं, एवढं मला कळायचं. पुढं गावात चक्की आली आणि जातं न्हाणीपाशी पालथं पडलं. आजीचं दुःख काही चक्कीत दळलं गेलं नाही. ते बोलायची जागा तेवढी गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी बायाबापड्यांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या आज वाचायला तरी मिळतात.

गाण्याला कात्री लावणारं यंत्रही आजचं नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपासच मावायचं. तासभर गाणाऱ्या बुवांनी तेवढ्यात राग बसवला. आज स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की गाणं 'ऐकलं' म्हणून मोजतात. मग गाणारा घाई करणारच. मुखडा आधी फेकतो. रीलमध्ये तर मुखड्याचाही तुकडाच येतो. माझी तक्रार इथं आहे. मुखडा गोष्ट सांगतो, पण ती आत उतरते अंतऱ्यात. सूर वर चढतो, शब्द वळण घेतो आणि मुखड्यावर परत येतो तेव्हा तीच ओळ वेगळी लागते. अंतरा गाळला तर ओळ नुसती घोकली जाते.

पण भावनाच आटली म्हणाल, तर थांबा. २०१२ साली दोन संशोधकांनी अमेरिकेतली १९६५ ते २००९ या काळातली गाजलेली गाणी तपासली. मायनर सुरावटीची, म्हणजे आपल्या पेटीवर कोमल गंधार लागतो तशा रंगाची गाणी वाढत गेलेली दिसली, लयही मंदावलेली. तिकडचे आकडे इथं जसेच्या तसे लागू नाहीत, पण नवी पिढी नुसती नाचतेच, हे म्हणणं तिथं तरी टिकलं नाही.

आणि आपल्याकडं पोळ्याच्या झडत्या, म्हणजे बैलांपुढं म्हणायची कवनं, बघा ना. तोरणाखाली बैल उभे असतात आणि कोणीतरी कापसाच्या भावावर, मेंबरांवर नवी झडती ठोकतो. ती कोणी डाउनलोड केलेली नसते. खंजिरीचंही तसंच. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, तरी प्रार्थनेला बसलेला माणूस नुसता ऐकत नाही, गातो. लग्नात डीजेपुढं मात्र आपण सगळे मुके. म्हातारेसुद्धा, मी धरून.

परवाचीच गोष्ट. ओलिताची लाईन रात्रीची, म्हणून माझा एक जुना विद्यार्थी वावरात जागलीला होता. मीही गेलो. स्टार्टरच्या पेटीवर त्याचा मोबाईल, त्यावर एकच गाणं. संपलं की पुन्हा तेच. मला तर तो कलकलाट वाटत होता. तो उठायचा, फावड्यानं दांड फोडायचा, पाणी दुसऱ्या सरीत वळवायचा आणि चिखलाच्या पायानं परत येऊन बसायचा.

"काय आयकून रायला बे? बदल न आता," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "थांबा न सर. समोरचं कडवं येऊ द्या."