उशिरा आलेली मुलगी

नमस्कार श्रोतेहो.

न्यूयॉर्क शहर, 1934 सालचा मार्च महिना. मॅडिसन अव्हेन्यूवर एक नृत्यशाळा उघडून जेमतेम अडीच महिने झालेत. संध्याकाळचा वर्ग भरलाय. शिकवणारा तिशीचा, सडपातळ, त्याचं इंग्रजी मोडकंतोडकं. मुली पदन्यास शिकल्या होत्या, पण रंगमंचावर वावरायचं कसं हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून त्यानं चायकॉव्स्कीची एक तंतुवाद्यांची रचना घेतली आणि नाच बसवायला सुरुवात केली. त्या दिवशी वर्गात मुली आल्या होत्या सतरा.

सतरा हा मोठा अडचणीचा आकडा. जोड्या लागत नाहीत, रांगा सारख्या होत नाहीत. आपल्याकडच्या गॅदरिंगमध्ये बाईंनी एकीला हळूच बाजूला घेऊन म्हटलं असतं, "तू पुढच्या वर्षी हं!" यानं मात्र सतराही जणींना अशा काही कोनांत उभं केलं की प्रत्येकीचा चेहरा दिसावा. संत्र्याच्या बागेत झाडं लावतात तसं, असं तो पुढे म्हणायचा. दुसऱ्या दिवशी नऊच जणी आल्या, मग सहा. जितक्या आल्या तितक्यांचा नाच त्यानं बसवला. एकदा एक मुलगी धावताना पडली आणि रडायला लागली. ते पडणं नाचात आलं. एकदा एक उशिरा आली, तेही आलं. त्या नाचाचं नाव 'सेरेनाड', आणि शिकवणाऱ्याचं नाव जॉर्ज बॅलन्शिन.

आपल्याकडे बॅले म्हटलं की डोळ्यांपुढे नृत्यनाट्य येतं. राम, सीता, सोन्याचा मृग आणि पाठीमागून निवेदन. युरोपातल्या जुन्या बॅलेतही गोष्ट असायचीच. शापित राजकन्या असायची, राजपुत्र असायचा. बॅलन्शिननं आपल्या कितीतरी रचनांतून ही गोष्ट काढून टाकली. कथक किंवा भरतनाट्यम पाहणाऱ्यांना हे चटकन समजेल. आपण ज्याला नृत्त म्हणतो तेच हे, म्हणजे अभिनय नाही, कथानक नाही, फक्त सूर, लय आणि देह. संगीत डोळ्यांना दिसलं पाहिजे, एवढाच त्याचा हट्ट.

हा माणूस मुळात नाचात आला तोच अपघातानं. जन्म 22 जानेवारी 1904 चा, सेंट पीटर्सबर्गचा. वडील मेलितोन बालान्चिवाद्झे हे जॉर्जियाचे संगीतकार. 1913 साली बहिणीला झारच्या नाट्यशाळेत परीक्षेला नेलं, तेव्हा हाही बरोबर होता. आलाच आहे तर यालाही बघू, असं झालं. बहीण राहिली बाहेर आणि हा आत! नऊ वर्षांच्या पोराला ते मुळीच आवडलं नाही, तो पळूनही गेला. पुढे मारिन्स्की नाट्यगृहात दिव्यांच्या झगमगाटात, भरल्या वाद्यवृंदासमोर छोट्या मदनाचं काम मिळालं आणि पोरगं कायमचं अडकलं.

मग क्रांती झाली. उपासमारीच्या त्या दिवसांत मूकपटांना पियानोची साथ करून त्यानं पोट भरलं. संगीताचं रीतसर शिक्षणही घेतलं, आणि पुढे नृत्यरचनाकार म्हणून त्याचं वेगळेपण इथूनच आलं असं मला वाटतं. इतरांना वाजवणाऱ्यावर विसंबावं लागे, हा स्वरलिपी स्वतः उलगडून वाचू शके.

1924 साली दौऱ्यावर म्हणून तो रशियाबाहेर पडला आणि परत गेलाच नाही. पॅरिसमध्ये सर्गेई दियागिलेव्ह या रशियन निर्मात्याच्या बॅले कंपनीत लागला. तिथं त्याचं आडनाव कापून सुटसुटीत झालं, गुडघाही दुखावला आणि नाचणं आटत गेलं. नाचवणं मात्र वाढलं. 1928 मध्ये स्ट्राविन्स्कीच्या संगीतावर 'अपोलो' आलं. पुढच्याच वर्षी दियागिलेव्ह वारला, कंपनी विस्कटली. मग लिंकन कर्स्टीन नावाच्या श्रीमंत अमेरिकन तरुणानं त्याला बोलावलं, तेव्हा यानं अट घातली: आधी शाळा हवी. म्हणून ती शाळा, आणि म्हणून त्या सतरा मुली.

शाळेमागून स्वतःची कंपनी उभी राहायला 1948 साल उजाडलं. तीच न्यूयॉर्क सिटी बॅले. मधल्या काळात त्यानं ब्रॉडवेची संगीतनाटकं केली, हॉलिवूड केलं, आणि 1942 मध्ये चक्क सर्कशीतल्या पन्नास हत्तींसाठी नाच बसवला. संगीतासाठी स्ट्राविन्स्कीला फोन केला. त्यानं म्हणे विचारलं, हत्ती किती वर्षांचे? लहान आहेत म्हटल्यावर तो तयार झाला.

पण एक गोष्ट नाचात बसवता आली नाही. तनाकिल लक्लर्क ही त्याच्याच शाळेत घडलेली, लांबसडक हातापायांची विलक्षण नर्तकी. ती शिकत असताना पोलिओनिधीच्या एका कार्यक्रमासाठी त्यानं छोटा नाच केला होता. त्यात काळ्या वेषातला पोलिओ तो स्वतः, आणि त्याच्या स्पर्शानं लुळी पडणारी मुलगी ती. पुढे दोघांचं लग्न झालं. 1956 मध्ये कंपनी युरोपला निघाली. निघण्याआधी लस टोचून घ्यायची होती, तिनं ती पुढे ढकलली. कोपनहेगनला ती आजारी पडली. पोलिओच होता. सत्तावीस वर्षांची ती नर्तकी पुन्हा कधी चालली नाही. बॅलन्शिन कंपनी सोडून वर्षभर तिच्या उशाशी बसून राहिला. त्या जुन्या नाचाची आठवण त्याला किती छळत असेल, याचा विचारही नको वाटतो.

तो परतला तो 1957 च्या 'अ‍ॅगॉन'साठी. त्यात आर्थर मिचेल हा कृष्णवर्णीय नर्तक आणि डायना अ‍ॅडम्स ही गोरी नर्तकी एकत्र नाचली. त्या काळच्या अमेरिकेत हे साधं नव्हतं. याच मिचेलनं पुढे हार्लेममध्ये नृत्यशाळा काढली, आणि तिथं चाकांच्या खुर्चीत बसून, पायांची कामं हातांनी दाखवत शिकवायला कोण आलं? तनाकिल.

बॅलन्शिनला देव करायचं कारण नाही. नर्तकींनी काटकुळं असावं हा त्याचा आग्रह अनेकींना महागात पडला. सुझान फॅरल या कंपनीतल्या नर्तकीवर तो भाळला होता. तिनं दुसऱ्याशी लग्न केलं आणि तिला कंपनीच सोडावी लागली. ती परतली तेव्हा मधे पाच-सहा वर्षं गेली होती.

30 एप्रिल 1983 ला तो गेला. चारशेहून अधिक रचना मागे राहिल्या. 'सेरेनाड' आजही जगभर होतं. पडदा वर जातो, निळसर उजेडात सतरा जणी उजवा हात वर करून उभ्या असतात. पुढे पुन्हा सगळ्या तशाच उभ्या राहतात, तेव्हा एक मुलगी धावत येते, इकडेतिकडे पाहते, आपली जागा शोधते आणि हात वर करते. ती वेळेवर आलेली असते. उशिरा कसं यायचं, याच्या तिनं कितीतरी तालमी केलेल्या असतात.

नमस्कार.