आईकडचं, वडिलांकडचं

श्रोतेहो, नमस्कार.

१९८४ साली केंब्रिजला अझीम सुरानी आणि फिलाडेल्फियाला डावोर सोल्टर यांच्या प्रयोगशाळांत उंदरांचे काही वेगळे गर्भ तयार केले गेले. फलित बीजांडात एरवी एक केंद्रक आईकडचं असतं, एक वडिलांकडचं. इथे कुणात दोन्ही केंद्रकं आईकडची, कुणात दोन्ही वडिलांकडची. गुणसूत्रं मोजून पूर्ण, तरी एकही पिल्लू जन्मलं नाही. नुसतं आईकडचं असलं की गर्भाला पोसणारी वार वाढेना. नुसतं वडिलांकडचं असलं की वार वाढे, पण गर्भ खुंटे. जनुक कुणाकडून आलं, याची खूण त्याच्यावर असते, हे तेव्हा कळलं.

ही खूण म्हणजे डीएनएला चिकटलेले छोटे मिथाइल गट. अक्षरं तीच राहतात. जनुक चालू की बंद, एवढं त्यांवरून ठरतं. माणसातही पंधराव्या गुणसूत्राचा एकच तुकडा वडिलांकडून आला नाही तर एक आजार होतो, आईकडून आला नाही तर अगदी निराळा.

आता पाहा, मुलाला अर्धी गुणसूत्रं आईकडून मिळतात. तो स्वतः बाप होईल तेव्हा त्यांवर आईची खूण राहून कशी चालेल? सातबाऱ्यावर वारसाचा फेरफार होतो ना, जमीन तीच, नाव दुसरं. तसंच इथे व्हावं लागतं.

आणि ते होतं फार लवकर, जीव अजून आईच्या पोटात असताना. उंदराच्या गर्भात सातव्या दिवसाच्या सुमारास जेमतेम चाळीस आद्य जननपेशी दिसतात, पुढे ज्यांची बीजांडं किंवा शुक्राणू होतात त्या. तिथून त्या आतड्याच्या कडेकडेने सरकत अकराव्या दिवसापर्यंत होऊ घातलेल्या जननग्रंथीत पोचतात. या प्रवासात आणि पोचल्यावर खुणा पुसल्या जातात. शंभरातल्या सत्तर जागी मिथाइल होतं, तिथे तेराव्या-चौदाव्या दिवशी दहाही उरत नाहीत. जिनोमभर, म्हणजे साऱ्या डीएनएत, उड्या मारणाऱ्या काही उपद्रवी तुकड्यांवरचं मिथाइल मात्र बरंचसं तसंच राहतं. त्यांना मोकळं सोडणं परवडणारं नाही. ही निवड मला फार थक्क करते.

नराच्या पेशींत नव्या खुणा जन्माआधीच उमटू लागतात. मादीच्या पेशी थांबतात. जन्मानंतर बीजांड वाढू लागलं की मग.

याच उशिराचा उपयोग टोकियोत तोमोहिरो कोनो यांनी केला. नवजात मादीचं, अजून खूण न उमटलेलं बीजांड शुक्राणूच्या जागी दुसऱ्या बीजांडाशी जोडून, शिवाय एक जनुकीय बदल करून, त्यांनी दोन आयांची उंदरी जन्माला घातली. शेकडो गर्भांतून एकच मोठी झाली. २००४ साली ती जगापुढे आली, कागुया नावाने. पुढे तिला नराकडून नेहमीसारखी पिल्लं झाली. बाप नसलेल्या त्या उंदरीच्या बीजांडांत आईच्या खुणा बरोबर उमटल्या होत्या.