शाळांसाठी तरतूद: शून्य
(प्रिन्स एडवर्ड काउंटी, व्हर्जिनिया, 1951 ते 1964)

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याची राजधानी रिचमंड. तिथून शंभरेक किलोमीटरवर प्रिन्स एडवर्ड काउंटी लागते. काउंटी म्हणजे कारभार जिल्ह्याचा, पण पसारा आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढा. 1950 च्या सुमाराला वस्ती जेमतेम 15 हजार. तंबाखूची शेती, आणि बाजारहाटाचं गाव म्हणाल तर फार्मविल. 1959 मध्ये या काउंटीने आपल्या सगळ्या सरकारी शाळा बंद केल्या आणि पुढची पाच वर्षं त्या उघडल्या नाहीत. दुष्काळ पडला नव्हता, साथ आली नव्हती, तिजोरीतही खडखडाट नव्हता.

ही विटांची इमारत बघा. रॉबर्ट रूसा मोटन हायस्कूल. 1939 मध्ये बांधली ती 180 मुलांसाठी, आणि मुलं फक्त कृष्णवर्णीय. कारण गोऱ्यांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी, हा तेव्हा राज्याचा कायदाच होता. दहा-अकरा वर्षांत पट साडेचारशेच्या वर गेला. पालकांनी नवी इमारत मागितली, तर शाळा मंडळाने आवारात लाकडी सांगाड्यांवर डांबरी कागद ठोकून तात्पुरत्या शेड उभ्या करून दिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कोंबड्यांची खुराडी वाटायची. आत एक शेगडी. तिच्याजवळ बसलेला घामाघूम, भिंतीकडेला बसलेला कोट घालूनही कुडकुडतोय. पाऊस आला की छत गळणार. व्यायामशाळा नाही, प्रयोगशाळा नाही, डबा खायला खोली नाही. गोऱ्यांच्या हायस्कुलात हे सगळं होतं, आणि ते काही लांब नव्हतं.

अकरावीतल्या बार्बरा जॉन्सने संगीताच्या बाईंकडे कुरकुर केली. बाई म्हणाल्या, मग तू काहीतरी कर की! बाईंना वाटलं असेल, विषय संपला. बार्बराने मात्र महिनोन् महिने गुपचूप मुलं जमवली.

23 एप्रिल 1951. मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांना फोन आला की तुमची दोन मुलं बस स्टँडवर अडचणीत सापडली आहेत. ते तडक निघाले. इकडे वर्गावर्गांत चिठ्ठी फिरली: सर्वांनी सभागृहात जमावे. खाली मुख्याध्यापकांच्या नावाचं आद्याक्षर, अर्थातच खोटं. पडदा सरकला तर व्यासपीठावर सोळा वर्षांची बार्बरा! तिने आधी शिक्षकांना बाहेर जायची विनंती केली, म्हणजे उद्या त्यांच्या नोकरीवर गदा यायला नको. मग मुलांसमोर प्रस्ताव ठेवला, आणि अख्खी शाळा संपावर गेली. संप दोन आठवडे चालला.

मुलांना हवी होती फक्त चांगली इमारत. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे वकील रिचमंडहून आले आणि त्यांनी अट घातली: लढायचं तर वेगळ्या शाळांच्या पद्धतीविरुद्धच लढायचं. पालकांच्या दृष्टीने ही मोठी उडी होती. कुणी गोऱ्याच्या शेतावर राबत होतं, कुणाचं कर्ज गोऱ्यांच्या बँकेत होतं. तरीही महिन्याभरात 117 विद्यार्थ्यांच्या नावाने दावा दाखल झाला. जोन्स यांची नोकरी गेली. बार्बराला धमक्या यायला लागल्या, तेव्हा घरच्यांनी तिला अलाबामात काकांकडे धाडलं.

हा दावा सर्वोच्च न्यायालयात पोहोचला तो वेगळ्या शाळांना आव्हान देणाऱ्या ब्राउन खटल्याचा भाग होऊन. एकत्र ऐकलेल्या पाच दाव्यांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून उभा राहिलेला हा एकच. 17 मे 1954 रोजी निकाल लागला: वेगळ्या शाळा घटनाबाह्य.

निकाल लागला खरा, पण अंमल कुठे होता? सिनेटर हॅरी बर्ड यांच्या पुढाकाराने व्हर्जिनियाच्या राज्यकर्त्यांनी कडव्या विरोधाचं धोरण आखलं. त्यासाठी कायदा करून काही गावांत शाळा बंदही पाडल्या. 1959 च्या जानेवारीत न्यायालयांनी तो कायदा मोडीत काढला आणि तिथल्या शाळा उघडल्या. प्रिन्स एडवर्डने मग दुसरीच वाट काढली. शाळांचा पैसा मंजूर करायचा अधिकार काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाचा. जून 1959 मध्ये मंडळाने सरकारी शाळांसाठी एक पैसाही ठेवला नाही. पैसा नाही म्हणजे शिक्षक नाहीत, बस नाहीत, शाळाच नाही. आणि शाळाच नाही म्हटल्यावर गोऱ्यांशेजारी काळ्यांना बसवा, असा हुकूम न्यायालय देणार तरी कुणाला? दुष्टपणात डोकं किती चालतं, ते इथे दिसतं.

गोऱ्या मुलांसाठी प्रिन्स एडवर्ड अकॅडमी ही खासगी शाळा तयार होती. चर्चच्या तळघरांत वर्ग भरले. पुढे फीसाठी सरकारी अनुदान आलं आणि देणगीदारांना करात सूट मिळाली. 1961 मध्ये न्यायालयाने हा मार्ग अडवला. काळ्या मुलांसाठीही खासगी शाळा काढून देतो, असा प्रस्ताव गोऱ्या पुढाऱ्यांनी मांडला होता. तो घेणं म्हणजे जिंकलेला खटला स्वतःहून सोडून देणं. अर्ज आला फक्त एक.

सुमारे 1700 कृष्णवर्णीय मुलं शाळेवाचून राहिली. पाद्री फ्रान्सिस ग्रिफिन यांनी चर्चमध्ये वर्ग चालवले. मोठी काही मुलं नॉर्थ कॅरोलायनातल्या किट्रेल कॉलेजात गेली, काहींना क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी परराज्यातल्या घरांमध्ये ठेवून घेतलं. कुणी शेजारच्या काउंटीतल्या नातेवाइकाचा पत्ता देऊन तिथल्या शाळेत नाव घातलं. ज्यांना यातलं काहीच जमलं नाही, ती शेतावर गेली. पैसे नसलेल्या काही गोऱ्या घरांतली मुलंही अशीच घरी बसली, हे सहसा कुणी सांगत नाही.

1963 मध्ये अॅटर्नी जनरल, म्हणजे केंद्र सरकारचे कायदाप्रमुख, रॉबर्ट केनेडी यांनी भाषणात यादीच वाचली. मोफत सरकारी शिक्षण न देणाऱ्या जागा पृथ्वीवर कोणत्या? कम्युनिस्ट चीन, उत्तर व्हिएतनाम, सारावाक, सिंगापूर, ब्रिटिश होंडुरास आणि प्रिन्स एडवर्ड काउंटी. सिंगापूरकरांना ही यादी कितपत पटली असती कोण जाणे. त्याच सप्टेंबरात खासगी देणग्यांवर मोफत शाळा सुरू झाल्या. दीडेक हजार मुलं आली, त्यांत गोरी चार.

25 मे 1964 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शाळाबंदीवर निकाल दिला. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलं की विचारविनिमय फार झाला, वेग मात्र पुरेसा दिसला नाही. न्यायालय पर्यवेक्षक मंडळाला कर बसवायलाही भाग पाडू शकतं, हे आता कागदावर आलं. सप्टेंबरात सरकारी शाळा उघडल्या. गोऱ्यांची मुलं बहुतेक अकॅडमीतच राहिली.

बार्बरा पुढे फिलाडेल्फियात ग्रंथपाल झाली. 1991 मध्ये ती वारली. मोटन शाळेत आज संग्रहालय आहे. 2004 मध्ये व्हर्जिनियाने शाळाबंदीत शिक्षण बुडालेल्यांसाठी शिष्यवृत्ती काढली, शालान्त समकक्ष परीक्षेपासून पदवीपर्यंत. 1959 मध्ये पहिलीत जायचं होतं, तो मुलगा तोवर पन्नाशी ओलांडून गेला होता. अर्ज करणाऱ्यांत आजी-आजोबा झालेली माणसं होती.