शाईची कड

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली सरकणारी काचपट्टी]

कॅन्सरची गाठ गेली, स्तन राहिला. शुद्धीवर आल्यावर हात आधी छातीकडेच जातो, असं कितीतरी जणी सांगतात. ड्रेसिंगवरून चाचपायचं. आहे ना? आहे.

मग लघवी हिरवट-निळी होते. आधी कुणी सांगितलं नसेल तर बाई दचकतेच. काखेतल्या कुठल्या लसिकाग्रंथीकडे कॅन्सर सगळ्यांत आधी सरकेल, ते शोधायला निळा रंग टोचलेला असतो. तोच असा बाहेर पडतो. पुढे हसत सांगावी अशी या आजारातली बहुधा ही एकच गोष्ट.

त्यानंतर रिपोर्टची वाट. काढलेल्या तुकड्याला बाहेरून शाई लावतात. पॅथॉलॉजिस्ट त्याचे पातळ काप करून बघतात, कॅन्सरच्या पेशी शाईला टेकल्यात का. नसतील तर ही कड, म्हणजे ‘मार्जिन’, स्वच्छ. टेकल्या असतील तर बहुतेक वेळा पुन्हा ऑपरेशन. ‘मार्जिन’ म्हणजे वहीचा समास, एवढंच तोवर ठाऊक असतं. आता घरातलं प्रत्येक माणूस तोच शब्द बोलतं. दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागलेल्या काहीजणी म्हणतात, पहिल्यापेक्षा हेच जड गेलं. पहिल्या वेळी निदान मनाची तयारी तरी होती.

आणि एक प्रश्न, डॉक्टरांना विचारायलाही जीभ रेटत नाही असा. रूपाच्या मोहापायी मी जिवाशी तर खेळले नाही ना? नातेवाईक तर तोंडावर म्हणतात, “सगळंच काढून टाकायचं होतंस.”

[दृश्य: जुनी शस्त्रक्रियेची हत्यारं]

‘सगळंच’ म्हणजे काय, ते 19व्या शतकाच्या अखेरीस विल्यम हॉलस्टेड या अमेरिकी सर्जननी ठरवून दिलं होतं: स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या लसिकाग्रंथी. कित्येक दशकं तेच चाललं. एवढं काढणं खरंच लागतं का, हे 1973 मध्ये इटलीत मिलानला सर्जन उंबेर्तो वेरोनेसींनी आणि 1976 मध्ये अमेरिकेत सर्जन बर्नार्ड फिशर यांनी तपासायला घेतलं. दोन्हींचे 20 वर्षांचे निष्कर्ष 2002 साली छापून आले. स्तन ठेवलेल्या बायकांचं आयुष्य स्तन काढलेल्यांपेक्षा कमी भरलं नाही. अर्थात गाठ फार मोठी असेल किंवा स्तनात विखुरलेली असेल, तर हा मार्ग दरवेळी खुला नसतो.

राहिलेल्या स्तनात कॅन्सर परतू शकतो, हेही खरं. फिशर यांच्या चाचणीत गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्यांत हे प्रमाण 20 वर्षांत 39 टक्के होतं, घेतलेल्यांत 14.

म्हणून रेडिएशन. बहुधा 3 ते 5 आठवडे, सुट्टीचे वार सोडून रोज, काही मिनिटं. नेम चुकू नये म्हणून त्वचेवर बारीक ठिपके गोंदतात. किरण लागताना काहीच कळत नाही. कळतं ते नंतर: कातडी काळवंडते, ब्राची शिवण टोचते, दुपारी आडवं पडल्याशिवाय चालत नाही. स्तन थोडा आक्रसतो, घट्ट होतो. काखेखाली बधिरपणा राहतो. साबण लावताना तेवढा भाग दुसऱ्या कुणाचा वाटतो.

[दृश्य: मॅमोग्राफीची खोली]

वर्षभराने मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. पडद्यावर पांढरे, टोकदार कण दिसतात आणि पोटात गोळा येतो. तंत्रज्ञ सांगते, “त्या क्लिपा आहेत, ऑपरेशनच्या जागी ठेवलेल्या.”

पुढच्या वर्षी बाई पुन्हा तेच विचारते.