उलट्या होताहेत, पण शू थांबलेली नाही

नमस्कार मंडळी. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी शुगर तपासायचं छोटं यंत्र असेल. आजोबांसाठी आणलेलं, गोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवलेलं. त्याच घरातली चार वर्षांची नात आठवडाभर घटाघटा पाणी पिते, रात्री दोन-तीनदा शूला उठते, अंगातला फ्रॉक सैल होतो. पण ते यंत्र तिच्यासाठी बाहेर काढावं असं कुणाला सुचत नाही. डायबेटिस हा मोठ्या माणसांचा, पोट सुटलेल्यांचा आजार, अशी आपली पक्की समजूत. म्हणून आज मी औषधांबद्दल फार बोलणार नाही. लहान मुलात हा आजार ओळखायचा कसा आणि उशीर झाला तर काय होतं, याबद्दलच बोलणार आहे.

मुलांमध्ये बहुतेक वेळा दिसतो तो टाइप वन डायबेटिस. रक्तातली साखर वापरायला शरीराला इन्शुलिन लागतं. स्वादुपिंडातल्या ज्या पेशी ते तयार करतात, त्यांच्यावर शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती हल्ला करते. हे आतल्या आत महिनोन् महिने, कधी कधी वर्षानुवर्षं चाललेलं असतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. बऱ्याचशा पेशी नष्ट झाल्या की लक्षणं दिसू लागतात, आणि लहान मुलात ती काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत वाढतात. आजोबांची शुगर हळूहळू चढत जाते, त्यांना हाताशी वेळ असतो. तीन वर्षांच्या मुलाला तो वेळ मिळत नाही.

रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवून धरता येत नाही. ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी सोबत ओढून नेते. म्हणून लघवी वाढते. आणि पाणी गेलं म्हणून तहान लागते. हा क्रम ध्यानात घ्या, कारण घरी तो नेमका उलटा लावला जातो. ‘एवढं पाणी प्यायल्यावर शू होणारच!’ मग उपाय काय, तर संध्याकाळनंतर मुलाचं पाणी बंद. ज्याच्या शरीरातलं पाणी आधीच निघून चाललंय, त्याचं पाणी तोडणं घातक आहे. कृपा करून असं करू नका.

आता सगळ्यात उपयोगी खुणेकडे येतो. वर्ष-दोन वर्षं रात्री कोरडं राहणारं मूल अचानक पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, तर तिथे थांबायचं आणि विचार करायचा. घरचे काय म्हणतात? थंडी पडलीय, शाळा बदललीय, धाकटं भावंड झालंय म्हणून लाडात आलंय. यातलं एखादं कारण खरंही असेल. पण शुगर पाहिल्याशिवाय ते कारण धरून बसायचं नाही. आणि त्या मुलाला रागवायचं तर मुळीच नाही. त्याच्या हातात काही नसतं. झोपेत त्याची मूत्रपिंडं कळशीभर पाणी बाहेर टाकत असतात.

त्याहून लहान बाळ असेल तर ओळखणं आणखी अवघड. बाळ तहान सांगू शकत नाही, ते नुसतं रडतं, सारखं अंगावर प्यायला मागतं, आणि पाजूनही शांत होत नाही. लंगोट असते तेव्हा किती वेळा बदलली हे आईला कळायचं. आताच्या डायपरमध्ये सगळं शोषलं जातं. म्हणून डायपर हातात घेतल्यावर तो नेहमीपेक्षा जड लागतोय का, पहाटे तो फुगून बाहेर गळतोय का, याकडे लक्ष ठेवा. जांघेतलं लाल चट्ट्यांचं पुरळ मलम लावूनही जात नसेल, तर ती बुरशी असू शकते आणि तिच्यामागे साखर असू शकते. मुलींना शूच्या जागी सारखी खाज सुटते, त्याचंही असंच. आणि मुंग्या! जमिनीवर झालेल्या शूला किंवा ओल्या चड्डीला मुंग्या लागल्या, तर आजी ते बरोबर टिपतात. लघवीकडे मुंग्या धावतात हे आपल्या प्राचीन वैद्यांनीही नोंदवून ठेवलं आहे. मात्र मुंग्या लागल्या नाहीत म्हणून डायबेटिस नाही, असं समजू नका.

वजनाबद्दल अंगणवाडीच्या ताईंना सांगतो. तुम्ही दर महिन्याला मुलांची वजनं घेता. वाढत्या वयाच्या मुलाचं वजन थांबलं तर आपण आहार विचारतो, जंताचं औषध दिलं का विचारतो. त्यात एक प्रश्न वाढवा: पाणी किती पितंय, शू किती करतंय? मूल पूर्वीपेक्षा जास्त खात असताना वजन उतरत असेल, तर तो प्रश्न विचारल्याशिवाय त्या आईला घरी पाठवू नका.

शाळेतल्या बाईंनाही हेच सांगणं. तासाला दोनदा ‘बाई, शूला जाऊ?’ विचारणारं मूल चुकारपणा करतंय असं वाटतं. दुपारी बाकावर डोकं टेकून पडणारं, मैदानावर कडेला बसून राहणारं, फळ्यावरचं धूसर दिसतं म्हणणारं मूल आळशी वाटतं. यात एक अडचण आहे. कित्येक शाळांमध्ये मुलींसाठी धड स्वच्छतागृह नसतं, म्हणून मुली शाळेत पाणीच पीत नाहीत आणि दाबून धरतात. अशा मुलीचं लक्षण शाळेत दिसतच नाही. घरी पोचल्या पोचल्या ती आधी न्हाणीकडे आणि मग माठाकडे धावते. आईने ते पाहायला हवं.

आपल्याकडचा उन्हाळा या आजाराला चांगलाच लपवतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात कोणतं मूल पाणी पीत नाही? ‘उष्णता झालीय’ म्हणून सब्जा, वाळा, उसाचा रस, ग्लुकोज पावडरचं पाणी सुरू होतं. मायेने दिलेल्या त्या गोड पाण्याने साखर आणखी चढते. फरक ओळखायची खूण साधी आहे. उन्हाने तहानलेल्या मुलाची शू कमी आणि पिवळी होते, कारण पाणी घामावाटे गेलेलं असतं. या मुलाची तहान वाढते आणि शूही वाढते, पाण्यासारखी पातळ.

हीच खूण पुढच्या टप्प्यात जीव वाचवते, म्हणून जरा सावकाश सांगतो. इन्शुलिनवाचून साखर वापरता येत नाही, तेव्हा शरीर चरबी जाळू लागतं. त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात आणि रक्तात साचतात. याला डायबेटिक कीटोॲसिडोसिस म्हणतात, दवाखान्यात तुम्ही ‘डीकेए’ असं ऐकाल. मुलाला उलट्या सुरू होतात, पोटात जोरात दुखतं. आम्ल बाहेर टाकायला शरीर धडपडतं म्हणून श्वास खोल आणि भराभर चालतो. तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो. मग सुस्ती, बरळणं, बेशुद्धी.

आता हे मूल दवाखान्यात आलं की काय वाटतं पाहा. उलट्या आहेत म्हणजे पोट बिघडलं. पोट दुखतंय म्हणजे अपेंडिक्स असेल. धाप लागलीय म्हणजे न्यूमोनिया किंवा दमा. प्रत्येक तर्क आपापल्या जागी ठीकच वाटतो. पण उलट्यांनी सुकलेल्या मुलाची शू आटायला हवी. आईला आपण विचारतोच, ‘शू केव्हा झाली?’ त्यावर आई म्हणाली, ‘शू तर भरपूर करतोय, डॉक्टर’, तर ती गोष्ट हसून सोडून द्यायची नाही. ओठ सुकलेत, डोळे खोल गेलेत, आणि तरी शू होतेय, याचा अर्थ त्याच क्षणी शुगर बघायची. या अवस्थेत काही मुलांच्या मेंदूला सूज येते, आणि लहान वयात तो धोका जास्त असतो. घरी ओआरएस पाजत सकाळची वाट पाहायची ही वेळ नाही.

तपासणी बोटाच्या एका थेंबाची आहे, काही सेकंदांत आकडा येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय असते. आईवडिलांनी सरळ म्हणावं, ‘डॉक्टर, याची शुगर आत्ता बघा.’ उद्या उपाशीपोटी आणा, हे अशा मुलाच्या बाबतीत चालत नाही. लक्षणं असताना केव्हाही घेतलेल्या रक्तात साखर २०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त आली, तर निदानाला तेवढं पुरे असतं. जेवलं होतं की नव्हतं हा प्रश्न उरत नाही. मूल त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पोचलं पाहिजे, रात्र असली तरी.

घरच्या यंत्रावर पाहणार असाल तर आधी मुलाचे हात साबणाने धुऊन कोरडे करा, कारण बोटाला लागलेला गूळ किंवा आंबासुद्धा आकडा फुगवतो. पट्ट्यांची तारीख पाहा. पडद्यावर आकड्याऐवजी ‘हाय’ आलं तर यंत्र बिघडलेलं नाही, साखर मोजण्यापलीकडे गेलीय. आकडा वाढलेला दिसला म्हणून आजोबांची गोळी किंवा इन्शुलिन मुलाला देऊ नका. आणि आकडा नेहमीसारखा आला पण लक्षणं तशीच राहिली, तरी डॉक्टरांना दाखवाच.

हे लोकांना सांगून उपयोग होतो का? होतो. इटलीतल्या पार्मा प्रांतात १९९१ साली शाळांमध्ये आणि बालरोगतज्ज्ञांकडे भित्तिपत्रकं लावली गेली. त्यांवर भर कशावर होता? कोरडं राहणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलंय का, यावर. त्याआधी तिथे निदान होताना ७८ टक्के मुलं कीटोॲसिडोसिसमध्ये सापडत होती. पुढच्या काही वर्षांत ते प्रमाण १२.५ टक्क्यांवर आलं. नवं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं. शिक्षक, पालक आणि डॉक्टर एकाच खुणेकडे बघायला लागले. आपल्या प्रत्येक झेडपी शाळेत आणि अंगणवाडीत असा एक कागद लागावा, ही माझी फार मनापासूनची इच्छा आहे.

काही चिठ्ठ्या आल्यात. एका ताईंनी विचारलंय, ‘मी चॉकलेट जास्त दिली म्हणून झालं का?’ नाही. गोड खाऊन टाइप वन होत नाही, गरोदरपणातल्या खाण्याने होत नाही, कुणाच्या शिवण्याने तर नाहीच. बहुतेक मुलांच्या घरात हा आजार आधी कुणालाही नसतो. या आईला घरात बोल लावणाऱ्यांना हे ठामपणे सांगा.

दुसरी चिठ्ठी, बाळ चार महिन्यांचं आहे आणि शुगर निघालीय. सहा महिन्यांच्या आत झालेला डायबेटिस बहुधा जनुकातल्या बदलामुळे असतो. जनुकांची तपासणी जरूर करून घ्या, कारण यातल्या काही बाळांचं इन्शुलिन डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद करून गोळ्यांवर आणता येतं. पण तपासणीचा निकाल येईपर्यंत इन्शुलिन चालूच.

शेवटची चिठ्ठी. ‘दोन महिन्यांपूर्वी मुलाला निदान झालं, आता इन्शुलिन अगदी थोडंच लागतंय. नातेवाइकांनी काढा सुचवलाय. इंजेक्शन थांबवू का?’ थांबवू नका. उपचार सुरू झाल्यावर उरलेल्या पेशी काही काळ पुन्हा थोडं काम करू लागतात, म्हणून डोस उतरतो. हे काही आठवडे किंवा महिने टिकतं, क्वचित त्याहून जास्त. त्याच काळात काढा चालू असेल तर श्रेय काढ्याला मिळतं आणि सुई बंद होते. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोला लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन दिलं गेलं. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून दिवस वाढवायचे, एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं. तुमच्या मुलाचा डोस कितीही कमी झाला, तरी तो किती ठेवायचा हे तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या. आज कार्यक्रम संपल्यावर मला भेटा, त्याची वही सोबत असेल तर आपण आकडे बघू.