जुळा भाऊ डोनर असला की काळजी मिटली? थांबा जरा!

नमस्कार मंडळी! ब्लड कॅन्सरवरच्या मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की शेवटी म्हटलं, बसूया कॅमेऱ्यासमोर. प्रश्न असा: "ताई, ल्युकेमियाच्या (ब्लड कॅन्सरचाच प्रकार) पेशंटला बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी हुबेहूब जुळा भाऊ डोनर असेल तर उत्तमच ना? शंभर टक्के मॅच!" नाही हो. म्हणजे मॅच शंभर टक्के, कबूल. पण गोची तिथेच आहे.

आधी बेसिक, भराभर. रक्त तयार होतं बोन मॅरोमध्ये, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, तिथल्या स्टेम सेल्सपासून, म्हणजे मूळ पेशींपासून. ट्रान्सप्लांटमध्ये आधी जबरदस्त केमो देतात, कधी जोडीला रेडिएशन, आणि मग शिरेतून नव्या स्टेम सेल्स. त्या आपापल्या वाटेने हाडांत जाऊन रुजतात, साधारण दोन ते चार आठवड्यांत रक्तपेशींचे काउंट चढायला लागतात. पेशंटच्याच पेशी आधी काढून गोठवून परत दिल्या तर ते ऑटोलोगस. दुसऱ्याच्या दिल्या तर ॲलोजेनिक. झालं बेसिक.

आणि ऑपरेशन नसतं हो हे! माझ्या मामेभावाच्या ट्रान्सप्लांटच्या दिवशी मामा सकाळपासून येरझाऱ्या घालत होते. "थिएटरमध्ये कधी नेणार?" नर्सने एक पिशवी लावली, दिसायला रक्ताचीच, आणि ती संपेपर्यंत आमचे चिरंजीव चक्क घोरत होते. मामांना काही केल्या पटेना. खरं काम अजून व्हायचंय, असंच ते म्हणत राहिले. आणि गंमत म्हणजे मामांचं बरोबर होतं.

का, ते सांगते. एका दादांनी कमेंटमध्ये लिहिलंय, "थोडक्यात काय, हार्ड डिस्क फॉरमॅट मारायची आणि नवीन सिस्टिम टाकायची." या कमेंटला ढीगभर लाइक्स! माझी चिडचिड होते ती इथेच. कारण फॉरमॅट पूर्ण होतच नाही. कितीही जालीम केमो द्या, ल्युकेमियाच्या चार पेशी कुठेतरी दडून राहू शकतात. त्यांना शोधून मारतं कोण? डोनरच्या पांढऱ्या पेशी. विशेषतः टी सेल्स. त्यांना या पेशी परक्या वाटतात, म्हणून त्या हल्ला करतात. याला ग्राफ्ट व्हर्सेस ल्युकेमिया म्हणतात. म्हणजे ॲलोजेनिकमध्ये डोनरच्या पेशी फक्त रिकामी जागा भरायला आलेल्या नसतात, त्या स्वतःच औषध असतात.

नाही पटलं? इतिहास बघा. १९५९ मध्ये अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस यांनी ल्युकेमियाच्या पेशंटना संपूर्ण शरीरावर रेडिएशन दिलं आणि त्यांच्या हुबेहूब जुळ्या भावंडांचा बोन मॅरो दिला. मॅरो छान रुजला. आणि काही महिन्यांत ल्युकेमिया परत आला. जुळ्याच्या टी सेल्सना तिथे परकं असं काही दिसतच नाही, मग त्या भांडतील कुणाशी? पुढे याच थॉमसना १९९० मध्ये नोबेल मिळालं.

अजूनही नाही? मग दुसऱ्या टोकाने बघूया. डोनरच्या टी सेल्स कधीकधी पेशंटच्या निरोगी अवयवांवरही तुटून पडतात. त्वचा, आतडी, लिव्हर. हा जीव्हीएचडी, म्हणजे ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज, आणि तो जिवावर बेतू शकतो. मग डॉक्टरांनी विचार केला की टी सेल्स गाळूनच पेशी देऊया. जीव्हीएचडी खरंच कमी झाला. पण ल्युकेमिया परत येण्याचं प्रमाण वाढलं, खास करून क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या हळूहळू वाढणाऱ्या प्रकारात. त्रास देणारे आणि वाचवणारे एकच निघाले.

आणि माझा सगळ्यात आवडता पुरावा जर्मनीतल्या म्यूनिकचा. ट्रान्सप्लांटनंतर हाच क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया उलटलेल्या पेशंटना डॉ. कोल्ब यांच्या टीमने नव्याने केमो दिली नाही, दुसरं ट्रान्सप्लांट केलं नाही. त्याच डोनरच्या पांढऱ्या पेशी पुन्हा दिल्या, जोडीला इंटरफेरॉन, म्हणजे प्रतिकारशक्तीला चेव आणणारं औषध. आजार मागे हटला! हे छापून आलं १९९० मध्येच. आजही काही पेशंटना डोनरच्या पेशींचा असा डोस देतात.

आता लगेच "मग मॅचिंगची भानगडच कशाला" असं लिहू नका. एचएलए, म्हणजे पेशींवरच्या आपला-परका ओळखायच्या खुणा, जुळायला हवंच, नाहीतर जीव्हीएचडी आवरत नाही, नाहीतर पेशंटचं शरीर त्या पेशी नाकारतं. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. आई, वडील, मुलं यांच्याशी निम्मं जुळतंच, आणि आता ट्रान्सप्लांटनंतर सायक्लोफॉस्फमाइड हे औषध देऊन तेवढ्यावरही काम होतं. जुळायला हवं, पण अगदी आरशातलं नको.

आणि ते ब्लड ग्रुप, ब्लड ग्रुप करणं थांबवा बघू! डोनरचा ग्रुप वेगळा असला तरी चालतो. पुढे पेशंटचाच ग्रुप बदलून डोनरचा होतो. माझ्या मामेभावाचा बदललाय, आणि मामी अजून जुनाच सांगत असते सगळ्यांना.

मायलोमावाले (हा ब्लड कॅन्सरचा दुसरा प्रकार) कमेंटमध्ये येतीलच, म्हणून आत्ताच सांगते. तुमच्याकडे बहुतेकदा ऑटोलोगस करतात, तिथे गणित वेगळं. कॅन्सर मारण्याचं काम मेलफॅलन या केमोच्या औषधाच्या मोठ्या डोसचं, आणि स्वतःच्या पेशी त्या डोसातून सावरायला. तिथे ही टी सेल्सची लढाई नाही, म्हणून तो जीव्हीएचडीही सहसा नाही.

याच तर्काने बाळाच्या नाळेतल्या रक्ताच्या जाहिरातींकडे बघा. "तुमच्या बाळाला उद्या ल्युकेमिया झाला तर त्याचंच रक्त कामाला येईल!" काही मुलांच्या बाबतीत ल्युकेमियाकडे नेणारा बिघाड जन्माच्या वेळीच रक्तात असतो, म्हणजे तो त्या पिशवीतही असू शकतो. शिवाय स्वतःच्याच पेशी, त्या ल्युकेमियाला परकं कशाला समजतील? दुसऱ्या एखाद्या पेशंटसाठी सार्वजनिक बँकेत दान केलंत तर ती गोष्ट वेगळी, तिथे त्या रक्ताचं सोनं होतं.

डोनर व्हायचं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच. नोंदणी गालाच्या आतून फिरवलेल्या कापसाच्या काडीने होते. पुढे मॅच निघालाच, तर बहुतेकदा चार-पाच दिवस इंजेक्शनं आणि मग हातातून रक्त काढून, मशीनमधून पेशी वेगळ्या करून बाकीचं परत. अंग दुखतं, हाडं ठणकतात, पण ते काही दिवसांत जातं. मागे फिरायची मुभा असते. पण फिरायचं तर पेशंटची ती जबरदस्त केमो सुरू व्हायच्या आत. त्यानंतर त्याचा स्वतःचा मॅरो संपलेला असतो आणि तो तुमच्या पिशवीची वाट बघत असतो. म्हणून घरच्यांशी जे काही बोलायचं, भांडायचं ते काडी फिरवण्याआधी उरका.