गांजावरचा कर आणि सरकारला लागलेली चटक

मंडळी, गांजाचा विषय निघाला की सभेत दोन तट आधीच पडलेले असतात. एका बाजूचं म्हणणं, 'अमेरिकेत राजरोस दुकानात मिळतो, सरकारच्या तिजोरीत कर पडतो, मग आपणच का मागे?' दुसऱ्या बाजूचं म्हणणं, 'पोरं वाया चाललीत आणि तुम्हाला कर सुचतोय?' सरकारनं परवाना देऊन गांजा विकावा ही कल्पना बाहेरून आली, असं मात्र दोघंही धरून चालतात. अहो, आपल्याकडे शंभर वर्षांहून जास्त काळ हेच चाललं होतं. अबकारी खातं होतं, दुकानांचे लिलाव होत होते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात आणि साताऱ्याकडे गांजाची शेती व्हायची.

१८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात केन नावाच्या सभासदानं यावर प्रश्न विचारला. गांजानं हिंदुस्थानातले लोक वेडे होतात, वेड्यांची इस्पितळं त्यांनी भरलीत, असा तिकडे बोलबाला होता. मग आयोग नेमला गेला. त्यानं १,१९३ साक्षी नोंदवल्या आणि सात खंडांचा अहवाल दिला. आपल्या गॅझेटियरांचं संपादन करणाऱ्या जेम्स कॅम्पबेल यांनी भांगेच्या धार्मिक स्थानावर लिहिलेलं टिपणही त्यात आहे.

मला त्यातला वेड्यांच्या इस्पितळांचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. १८९२ साली दाखल झालेल्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे वेडाचं कारण म्हणून गांजा, चरस किंवा भांग लिहिलेलं होतं. आयोगानं एकेक प्रकरण पुन्हा उघडलं. तेव्हा कळलं की रुग्णाबरोबर पोलिसांकडून एक कागद यायचा आणि त्यात 'कारण' असा रकाना असायचा. तो रिकामा कसा ठेवायचा? माणूस कधी चिलीम ओढताना दिसला असेल, तर लिहा गांजा. इस्पितळातला कारकून तेच आपल्या नोंदवहीत उतरवायचा आणि वर्षअखेरीस त्याची आकडेवारी व्हायची. छाननीनंतर २२२ पैकी ९८ उरले, आणि त्यातही ३७ जणांच्या बाबतीत दुसरी कारणं मिसळलेली होती. गांजा निरुपद्रवी आहे असं यातून सिद्ध होत नाही, हेही सांगतो. अति सेवनानं नुकसान होतं हे आयोगानंच लिहून ठेवलंय.

शेवटी आयोग म्हणाला, सरसकट बंदी नको. लागवडीला परवाना लावा, दुकानं मोजकी ठेवा आणि कर असा बसवा की सेवन कमी होईल, पण माणूस त्याहून वाईट नशेकडे ढकलला जाणार नाही. एका माणसानं जवळ किती बाळगावा याचीही मर्यादा सुचवली: पाच तोळे, म्हणजे सुमारे ५८ ग्रॅम. कॅनडानं २०१८ साली गांजा कायदेशीर केला तेव्हा सार्वजनिक ठिकाणी ३० ग्रॅमची मुभा दिली. म्हणजे आपला जुना आयोग जवळजवळ दुप्पट उदार होता!

आता, तेव्हाचं ब्रिटिश सरकार अफू विकून गब्बर झालेलं होतं, त्याचा आयोग दुसरं काय म्हणणार, अशी शंका कुणी घेईल. घ्यावीच. १८९३ सालीच नेमलेल्या अफूच्या शाही आयोगानंही सरकारला सोयीचाच निवाडा दिला होता. माझा आजचा मुद्दा नेमका इथेच आहे. महसुलासाठी गांजा कायदेशीर करा, हे कायदेशीर करण्याच्या बाजूचं सगळ्यात लंगडं कारण आहे. पिणाऱ्याचं व्यसन एक वेळ सुटेल, तिजोरीचं सुटत नाही. दारूचं बघा. चंद्रपूरला २०१५ साली दारूबंदी आली आणि २०२१ साली उठली. चोरटी दारू वाढली हे कारण खरंच होतं, पण बुडणाऱ्या महसुलाचा हिशेबही त्या चर्चेत होताच.

आणि कर म्हणजे काही दुभती गाय नाही. कॅलिफोर्नियानं परवानाधारक शेतकऱ्यांवर लागवडीचा वेगळा कर बसवला होता. चोरून पिकवणारा तो भरत नव्हता, मग त्याचा माल स्वस्त पडणारच. शेवटी २०२२ साली तो कर रद्द करावा लागला. उरुग्वेनं उलटी वाट धरली. तिथे नोंदणी केलेल्या नागरिकाला औषधाच्या दुकानातून महिन्याला ४० ग्रॅमपर्यंत मिळतो, आणि भाव सरकार ठरवतं. मला ही वाट जास्त प्रामाणिक वाटते. कमाई करायचीच नाही, हे आधी ठरवून टाकलेलं.

आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानं, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यानं, गांजा आणि चरस बंद केले, पण पानं वगळली, आणि भांग होते पानांचीच. म्हणून जैसलमेरला भांगेचं सरकारमान्य दुकान चालतं. याच कायद्यात गांजाची अल्प मात्रा एक किलो आणि व्यावसायिक मात्रा वीस किलो. वीस किलोच्या वर गेलात की किमान दहा वर्षं आणि जामीन महाकठीण. आता सातपुड्याच्या पायथ्याशी कापसात लावलेली झाडं पोलीस उपटतात तेव्हा काय होतं बघा. देठ, पानं, मुळांची माती, सगळं एकत्र काट्यावर चढतं. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फक्त फुलोरा. मग वजन नक्की कशाचं केलं, यावर कोर्टात महिनोन्‌महिने वाद चालतो आणि पोरगं तोवर आत.

म्हणून दुकानं नंतर बघू. आधी स्वतःपुरता बाळगणाऱ्याला तुरुंगातून बाहेर ठेवा. पोर्तुगालनं २००१ पासून ते केलंय. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानंही केलं आणि २०२४ साली मागे घेतलं, कारण शिक्षा काढली तरी उपचाराची सोय वेळेत उभी राहिली नाही, आणि तेवढ्यात फेंटानिल या अफूच्या जातीच्या जहाल कृत्रिम नशेची लाट आली. आपल्या कायद्यात कलम ६४-अ आहेच. अल्प मात्रेत सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला तयार झाला, तर खटल्यातून सुटतो. पण त्यासाठी जिल्ह्यात उपचार केंद्र तर हवं ना!

एमडीला, म्हणजे मेफेड्रोन या कृत्रिम नशेला, मात्र यातलं काहीही लागू होत नाही. पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत २०२४ साली जे सापडलं ते कारखान्यात तयार होणारं रसायन होतं. त्याची व्यावसायिक मात्रा पन्नास ग्रॅम. त्याला आणि गांजाला एका दमात 'ड्रग्ज' म्हणून मोकळं होणाऱ्यांशी माझं जमत नाही, मग ते बंदीवाले असोत की परवानावाले.

परवाना पद्धत इथे राबवता येईल का, असा प्रश्न येईलच. अफूची आजही राबवतोच की. नीमच-मंदसोरकडचा शेतकरी सरकारी परवान्यावर अफू पिकवतो आणि ठरल्या भावानं सरकारलाच घालतो. तरी त्यातून माल बाहेर फुटतोच, म्हणून तोही नमुना मी डोळे झाकून पुढे करणार नाही. बोला, आता तुमचे प्रश्न घेतो.